गोपाळ गणेश आगरकर : स्नेह, कर्तव्य आणि ‘विकारविलसित’



शेक्सपिअरच्या शोकात्मिकांत नायकावर कोसळणारे संकट केवळ बाहेरून आलेले नसते. दोन मागण्या एकाच वेळी त्याच्यापुढे उभ्या राहतात आणि दोन्ही न्याय्य असतात. ब्रूटस हा सीझरचा स्नेही आहे आणि रोमचा नागरिकही आहे. हॅम्लेट हा मृत पित्याचा पुत्र आहे आणि डेन्मार्कचा राजपुत्रही आहे. ‘किंग लिअर’मधील केंट राजाशी एकनिष्ठ आहे, म्हणूनच तो भर दरबारात राजाला त्याच्या अविचाराबद्दल टोकतो आणि हद्दपारी पत्करतो. जर्मन तत्त्वज्ञ हेगेल याने ग्रीक शोकात्मिकेचा, विशेषतः ‘अँटिगनी’चा विचार करताना सत् आणि असत् यांच्या झगड्यापेक्षा दोन सत्पक्षांच्या झगड्यावर बोट ठेवले होते. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेक्सपिअरच्या संदर्भात त्याला पुरवणी जोडली. शेक्सपिअरमध्ये हा झगडा दोन व्यक्तींमध्ये जसा चालतो, तसाच तो नायकाच्या अंतःकरणातही चालतो, असे त्यांचे म्हणणे.

नुसत्या व्याख्येने हा विचार पुरता उमगत नाही. म्हणून या घटकात आपण एका चरित्राच्या आधाराने त्याच्याकडे पाहणार आहोत. हे चरित्र आहे गोपाळ गणेश आगरकर यांचे. वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना ते थोडे अधिक जवळचे वाटावे, कारण आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्याहून. पुढे त्यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, तेही तुरुंगात बसून. आणि ज्या मित्राच्या सोबतीने तो तुरुंगवास भोगला, त्याच्याशीच पुढे त्यांना उभा दावा मांडावा लागला. मात्र एक सावधगिरी आरंभीच बाळगू या. चरित्र म्हणजे नाटक नव्हे. नाटकातील प्रत्येक प्रसंग शेवटाकडे नेण्यासाठी योजलेला असतो. माणसाच्या आयुष्यात तशी योजना नसते. तेव्हा जेथे साम्य आहे तेथे ते पाहू, आणि जेथे ते तुटते तेथे ओढूनताणून जोडणार नाही.

टेंभू ते अकोला

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी. कऱ्हाडला इंग्रजीचे प्राथमिक शिक्षण झाल्यावर कचेरीत उमेदवारी, दवाखान्यात औषधे देणाऱ्याचे काम, असे काहीबाही करीत दिवस निघाले. पुढे शिकायचेच, या ओढीने हा मुलगा पायी रत्नागिरीला गेला. तेथे जम बसेना म्हणून परतला. अखेर नातेवाइकांच्या आधाराने तो अकोल्यास आला.

त्या काळचे वऱ्हाड नीट ध्यानात घ्यायला हवे. १८५३ च्या तहाने निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली दिला होता. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग अकोल्यावरून गेला आणि कापसाच्या व्यापाराने हे गाव भराभर वाढू लागले. कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, ‘वऱ्हाड समाचार’सारखे वृत्तपत्र निघाले. शाळांना शिक्षक हवे होते आणि पुण्या-मुंबईकडचे नवे पदवीधर ती गरज भागवीत होते. मॅट्रिकच्या पुढे मात्र वऱ्हाडात वाट नव्हती. अमरावतीला महाविद्यालय यायला १९२३ साल उजाडावे लागले. त्यामुळे ज्याला पुढे शिकायचे त्याने घर सोडायचे, हे ठरलेलेच होते. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून ही पुस्तिका वाचत असतील. शिक्षणासाठी माणसाला काय काय बाजूला सारावे लागते, हे त्यांना वेगळे सांगायला नको.

अकोल्याला आगरकरांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. महाजनींनी या हुशार पण विपन्न विद्यार्थ्याला आधार दिला. गुरूने एकदा रागावून, तुमच्या हातून काय होणार, असे विचारले आणि शिष्याने, मी तुमच्यासारखाच एम. ए. होईन, असे बाणेदारपणे उत्तर दिले, अशी एक आख्यायिका चरित्रांतून येते. आख्यायिकेचा शब्दन्‌शब्द खरा मानण्याचे कारण नाही. १८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले आणि पुढे एम. ए. ही झाले, एवढे खरे.

महाजनींची ओळख येथेच करून घेऊ, कारण आपल्या विषयाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. मराठीत शेक्सपिअर रुजविणाऱ्या पहिल्या पिढीतील ते एक महत्त्वाचे लेखक. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ साली आले. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७९ मध्ये, महाजनींनी ‘सिंबेलाइन’ या नाटकावरून ‘तारा’ हे नाटक लिहिले. ‘विंटर्स टेल’वरून त्यांनी ‘मोहविलसित’ लिहिले आणि ‘ऑल्स वेल दॅट एंड्स वेल’वरून ‘वल्लभानुनय’. यांतील ‘सिंबेलाइन’ हे नाटक शेवटी सुखाचे असले तरी १६२३ च्या पहिल्या संग्रहात ते शोकात्मिकांच्या गटात छापले गेले होते. पहिल्या दोन नाटकांत एक लक्षणीय समानता आहे. ‘सिंबेलाइन’मधील पिसानिओ या सेवकाला त्याचा धनी निरपराध पत्नीला ठार करण्याची आज्ञा देतो. ‘विंटर्स टेल’मधील कॅमिलो या सरदाराला त्याचा राजा पाहुण्या राजावर विषप्रयोग करायला सांगतो. दोघेही आज्ञा मोडतात. धन्याचे खरे हित त्याची आज्ञा न पाळण्यात आहे, असे दोघांनाही वाटते. इमानाचा अर्थ काय, आज्ञापालन की हितचिंतन, हा प्रश्न या दोन्ही कथांच्या मुळाशी आहे. महाजनी स्वतः वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात सरकारी नोकरीत होते. त्यांनी ही नाटके त्याच कारणासाठी निवडली असे म्हणता येणार नाही. पण सरकारी चाकरी आणि लोकहित यांचा मेळ घालण्याचा प्रश्न त्या पिढीतील प्रत्येक सुशिक्षितापुढे होता, हे विसरून चालणार नाही.

आईला दिलेला शब्द

पुण्यास डेक्कन कॉलेजात आगरकरांनी दिवस काढले ते शिष्यवृत्ती, निबंधांची व वक्तृत्वाची बक्षिसे आणि ‘वऱ्हाड समाचार’मधील लेखन यांच्या बळावर. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालायचा, ही त्यांची गोष्ट सर्वश्रुत आहे. परीक्षेची फी भरता यावी म्हणून त्यांनी एक नाटक लिहायला घेतले होते आणि ते कळताच प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी त्यांना मदत केली, असेही चरित्रकार सांगतात. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले. या कॉलेजातच त्यांची बाळ गंगाधर टिळकांशी मैत्री जडली. शिक्षण संपल्यावर सरकारी नोकरी न करता देशकार्यासाठी शाळा काढायची, असा बेत दोघांनी केला.

येथे आगरकरांच्या आयुष्यातील पहिला नैतिक पेच उभा राहतो. मुलगा शिकून मोठा होईल, मोठ्या पगाराची जागा मिळवील आणि आपले पांग फेडील, ही आईची आशा होती. त्यात स्वार्थ कसला? आयुष्यभर दारिद्र्य सोसलेल्या बाईची ती साधी अपेक्षा होती, आणि तसा पगार मिळणे एम. ए. झालेल्या तरुणाला त्या काळी मुळीच अवघड नव्हते. आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले की, या मुलाकडून संपत्तीची आशा धरू नये. पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून उरलेला वेळ परहितासाठी घालविण्याचा त्याने निश्चय केला आहे. हे पत्र मराठीत फार प्रसिद्ध आहे आणि बहुधा त्यागाचा नमुना म्हणून सांगितले जाते. ते वाचताना मला मात्र नेहमी आईचा विचार मनात येतो. त्यागाचा निर्णय मुलाने घेतला. त्या त्यागाचा अर्धा भार आईच्या वाट्याला आला, आणि तिला कोणी विचारले नव्हते. शोकात्मिकेतील कर्तव्यनिष्ठ नायकाच्या निर्णयाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. ओफेलियाने, पोर्शियाने ती मोजली आहे. आगरकरांनी मात्र ही गोष्ट आईपासून लपविली नाही. कटू असले तरी वेळेवर सांगून टाकणे, हा त्यांचा स्वभाव येथे प्रथम ठळकपणे दिसतो.

कोल्हापूर, डोंगरी आणि हॅम्लेट

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदींनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होऊन आगरकर त्यांना मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे निघाली. ‘केसरी’ची धुरा आगरकरांकडे, ‘मराठा’ची टिळकांकडे, अशी विभागणी होती.

पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरण उद्भवले. कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज वयाने लहान होते. ते वेडे आहेत असे कारभारी मंडळी सांगत होती. त्यांचा छळ करून त्यांना वेडे ठरविले जात आहे, अशी लोकांत कुजबुज होती. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी तरुण राजाचा कैवार घेतला आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर जोरदार टीका केली. आधार म्हणून काही पत्रे हाती आली होती. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ती पत्रे बनावट असल्याचे खटल्यात उघड झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली. शिक्षेत सूट मिळून ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले. तो अनुभव आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. मराठी तुरुंगवाङ्मयाचा विचार या पुस्तकापासून करावा लागतो. दोघे मित्र रात्री कोठडीत इतक्या मोठ्याने वाद घालीत की पहारेकऱ्यांना येऊन दटावावे लागे, ही हकीकत त्याच पुस्तकातील.

याच तुरुंगात आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले. ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले.

क्षणभर थांबून या योगायोगाकडे पाहू. एक तरुण राजपुत्र, त्याला वेड लागले आहे की त्याला वेडा ठरविले जात आहे, असा संशय, दरबारात कारस्थाने, आणि कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही अशी स्थिती. हे कोल्हापूरही आहे आणि एल्सिनोरही. आगरकरांनी या साम्याचा विचार करून ‘हॅम्लेट’ निवडले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. ‘हॅम्लेट’ त्या काळच्या कॉलेजशिक्षित तरुणांचे आवडते नाटक होतेच. पण ज्या कोठडीत ते भाषांतर झाले, तिची दारे एका वेडसर समजल्या गेलेल्या राजपुत्रामुळेच बंद झाली होती. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये, म्हणजे ‘विकारविलसित’ छापले गेले त्याच वर्षी, त्या दुर्दैवी तरुण राजाचा अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर अंत झाला.

याहून सूक्ष्म साम्य मला पुराव्याच्या प्रश्नात दिसते. हॅम्लेटला पित्याच्या पिशाचाने खुनाची हकीकत सांगितली. पित्यावरील प्रेम म्हणते, विश्वास ठेव आणि सूड घे. पण ज्याला मारायचे तो डेन्मार्कचा राजा आहे. त्याच्या मृत्यूने सारे राज्य हलणार आहे. मग एका पिशाचाच्या शब्दावर विसंबायचे का? ते सैतानाचे सोंग असले तर? म्हणून हॅम्लेट दरबारात नाटक करवून राजाची परीक्षा घेतो. त्याच्या विलंबाला दुबळेपणा म्हणण्याची पद्धत आहे. मला तो सर्वस्वी दुबळेपणा वाटत नाही. खाजगी खात्री आणि सार्वजनिक पुरावा यांतील अंतर ओळखणाऱ्या माणसाचा तो विलंब आहे. ‘केसरी’च्या तरुण संपादकांनी मात्र हाती आलेली पत्रे खरी मानली. अन्यायाची चीड खरी होती, हेतू शुद्ध होता. पुरावा खोटा निघाला. आगरकरांच्या पुढील लेखनात प्रमाणांचा, कार्यकारणाचा आणि काटेकोर युक्तिवादाचा जो आग्रह आढळतो, त्याचे सारे श्रेय या एका अनुभवाला देणे धाडसाचे होईल. पण ‘हॅम्लेट’चा तो भाग मराठीत उतरविताना भाषांतरकाराच्या मनात काय आले असेल, हा विचार टाळता येत नाही.

आता नावाविषयी थोडेसे. ‘विलसित’ म्हणजे लीला, आविष्कार. गुरूचे ‘मोहविलसित’ आणि शिष्याचे ‘विकारविलसित’ ही दोन नावे शेजारी ठेवली की अकोल्याच्या शाळेचा धागा हाती लागतो. ‘विकार’ हा शब्दही पाहण्याजोगा आहे. मराठीत तो मनोविकार या अर्थाने येतो तसाच रोग या अर्थानेही येतो. आणि मूळ अर्थ पाहिला तर विकार म्हणजे मूळ स्थितीत झालेला पालट. शोक, संताप, संशय यांनी एका विवेकी तरुणात घडविलेला पालट, हेच ‘हॅम्लेट’चे कथानक नव्हे काय? इंग्रजी नाव नायकाचे आहे. आगरकरांनी नाव दिले ते नायकाच्या मनात घडणाऱ्या क्रियेला. भाषांतरातील ही निवड म्हणजे एक छोटेसे समीक्षणच आहे. भाषेकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारा हा लेखक होता. पुढे १८८८ मध्ये त्यांनी ‘वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. मराठी वाक्यरचनेचा स्वतंत्र विचार करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांत त्याला मानाचे स्थान आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात आपली त्याच्याशी पुन्हा गाठ पडेल.

मित्र आणि मत

तुरुंगातून सुटलेल्या दोघा मित्रांचे पुण्यात जंगी स्वागत झाले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. येथवर दोघांची वाट एक होती.

ती फुटली कशी, हे सांगताना सहसा एकच सूत्र वापरले जाते: आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य. सूत्र खोटे नाही, पण अपुरे आहे. बालविवाह, स्त्रीशिक्षण, विधवांची स्थिती या विषयांवर आगरकरांना स्पष्ट लिहायचे होते आणि ‘केसरी’ हे सर्व मंडळींचे पत्र होते. सहकाऱ्यांना अमान्य असलेली मते त्यांच्याच पत्रातून किती मांडावीत? संपादकाचे इमान सहकाऱ्यांशी की स्वतःला पटलेल्या सत्याशी? १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. इकडे सोसायटीतही खटके उडत होते. आजीव सदस्यांना वेतनवाढ द्यावी का, त्यांनी संस्थेबाहेरची कामे अंगावर घ्यावीत का, या प्रश्नांवर कडाक्याचे वाद झाले. संसार वाढलेल्या आगरकरांना थोडी वेतनवाढ आवश्यक वाटत होती. मूळ त्यागाच्या प्रतिज्ञेला ढळ पोहोचू नये, ही टिळकांची भूमिका होती. १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

या मैत्रीला सीझर आणि ब्रूटस यांची उपमा देण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. येथे कोणी कोणाचा घात केला नाही. शेक्सपिअरमध्ये याहून जवळचा प्रसंग आहे तो ‘ज्युलियस सीझर’च्या चौथ्या अंकात. सीझरवधानंतर ब्रूटस आणि कॅशस यांचे तंबूत भांडण होते. दोघे एकाच कार्यासाठी उभे आहेत, दोघांनी त्यासाठी सारे पणाला लावले आहे, आणि भांडण आहे ते पैशाच्या व्यवहारावरून, शुद्ध आचरणाच्या कल्पनेवरून. बाहेर शत्रूची सेना आहे आणि आत दोन मित्र एकमेकांना जुन्या गोष्टींची आठवण करून देत आहेत. सार्वजनिक कार्यात मित्र एकत्र आले की त्यांच्यातला साधा दुरावाही खाजगी राहत नाही. त्याला लगेच तत्त्वाचे रूप येते, आणि मग माघार घेणे दोघांनाही अशक्य होते. ब्रूटस आणि कॅशस यांचा त्याच रात्री समेट होतो. आगरकर आणि टिळक यांना ती एक रात्र लाभली नाही. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या स्तंभांतून वर्षानुवर्षे घाव पडत राहिले. उपहासात दोघेही कमी नव्हते. आज ते अंक वाचताना युक्तिवादाचे तेज जाणवते, आणि कित्येक ठिकाणी शब्द आवश्यकतेपेक्षा अधिक धारदार झाल्याचेही जाणवते.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. त्या वादाच्या धामधुमीत पुण्यातल्या सनातनी मंडळींनी आगरकरांची प्रेतयात्रा त्यांच्याच घरावरून नेली. जिवंत माणसाला स्वतःची अंत्ययात्रा खिडकीतून पाहावी लागावी, असा प्रवेश शेक्सपिअरलाही सुचला नव्हता. आगरकरांनी लेखणी थांबविली नाही.

घरात मात्र त्यांचे वर्तन वेगळे होते, आणि याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. त्यांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, व्रतवैकल्ये पाळणाऱ्या. देवाधर्मावर आसूड ओढणाऱ्या या सुधारकाने पत्नीवर आपली मते लादली नाहीत. विरोधकांनी याला विसंगती म्हटले. पण ज्याला व्यक्तीचे विचारस्वातंत्र्य हवे आहे, त्याने ते घरातल्या व्यक्तीला नाकारायचे कसे? हॅम्लेटने आपल्या कार्यासाठी ओफेलियाला दूर लोटले, तिचा अपमान केला. आगरकरांचे आयुष्य येथे नाटकाच्या चौकटीत बसत नाही. लोककर्तव्यासाठी त्यांनी मैत्री गमावली, संपत्तीकडे पाठ फिरविली, पण पत्नीची श्रद्धा पणाला लावली नाही.

ऑगस्ट १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. दम्याचा विकार पूर्वीपासून होताच. तो बळावत गेला. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे एका पुडीत बांधून ठेवले होते. ‘केसरी’त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. सात-आठ वर्षांच्या कडवट वादानंतर लिहिलेला हा लेख विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. मतभेद न लपविता गेलेल्या मित्राविषयी कसे लिहावे, हे त्यात दिसते.

वऱ्हाडात

वऱ्हाडाने या दोघांनाही आपलेसे केले. अकोल्याने आगरकरांना शिकविले होते. अमरावतीने टिळकांना दादासाहेब खापर्डे यांच्यासारखा जिवाभावाचा सहकारी दिला. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा खापर्डे स्वागताध्यक्ष होते आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवरून पुन्हा तुरुंगात होते. या वेळी कोठडीत सोबतीला आगरकर नव्हते.

‘विकारविलसित’ रंगभूमीवर गेले ते शाहूनगरवासी नाटक मंडळीमुळे. गणपतराव जोशी यांनी साकारलेला हॅम्लेट, म्हणजे मराठी अवतारातला चंद्रसेन, पाहण्यासाठी प्रेक्षक लोटत. शेक्सपिअरच्या धाटणीची भव्य, संघर्षमय शोकात्म पात्रे मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली ती अशा प्रयोगांतून. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक १९१३ साली ललितकलादर्शने रंगभूमीवर आणले, तेव्हा ती जमीन तयार झालेली होती.

महाजनी आपल्या शिष्यामागे जवळजवळ अठ्ठावीस वर्षे जगले. वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात ते उच्च पदाला पोहोचले, १९०७ मध्ये पुण्याला भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि १९२३ मध्ये, अमरावतीला महाविद्यालय निघाले त्याच वर्षी, निवर्तले. सरकारी चाकरीत राहून त्यांनी वऱ्हाडातल्या कित्येक मुलांना शिकते केले. शिष्याने ती चाकरी नाकारून वेगळी वाट धरली. त्यांतील अधिक योग्य कोण, असा प्रश्न परीक्षेत विचारला जाणार नाही.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी ‘विकारविलसित’चा पहिला अंक मूळ नाटकाशी ताडून वाचा. पिशाच आणि राजपुत्र यांच्या भेटीच्या प्रवेशात पित्याचे ऋण सांगणारी वाक्ये कोणती आणि राज्याची अवस्था सांगणारी कोणती, ती वेगळी करा. मग आगरकरांनी त्यांपैकी कोणत्या वाक्यांना मराठीत अधिक जोर दिला आहे, ते आपल्या वहीत नोंदवा.